पोटाचे गणित

दिवाळीच्या चार दिवसांत पोटाला जेवढे काम पडते, तेवढे एरवी महिनाभरात पडत नसेल. पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की चिवडा, चकली, शंकरपाळे. दुपारी पंक्तीचे जेवण. संध्याकाळी कोणाकडे तरी फराळाचे बोलावणे. नको म्हणावे तर यजमानीण रागावते, आणि हो म्हणावे तर करंजी पानात पडते. एवढे सारे पोटात मावते कसे, याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही. खरे तर वाटायला हवे. रिकाम्या जठराची पोकळी छटाकभर पाणी मावेल एवढीच असते. भरपेट जेवणानंतर तेच जठर लिटर-दीड लिटर ऐवज सुखाने सांभाळते, आणि तरी त्याच्या आतला दाब फारसा वाढत नाही. सायकलच्या ट्यूबला हे जमत नाही, मुलांच्या फुग्याला जमत नाही. मग या मांसाच्या पिशवीलाच कसे जमते?

हा प्रश्न विचारायला माणसाने बराच वेळ घेतला. आधी त्याला दुसऱ्याच प्रश्नाने छळले होते: अन्नाचे पोटात नेमके होते काय? आपण 'पचन' म्हणतो. 'पच्' म्हणजे शिजणे, शिजवणे. ग्रीक भाषेत पचनाला 'पेप्सिस' म्हणत. तो शब्दही शिजण्याचाच, आणि भाषापंडितांच्या मते आपल्या 'पच्'चा सख्खा चुलतभाऊ. आपल्याकडे जठराग्नी होता, तिकडेही पोटात एक ऊब मानलेली होती. थोडक्यात, पोट ही चूल की जाते, असा प्रश्न कोणी केला असता तर पूर्व-पश्चिम दोन्हीकडच्या जुन्या वैद्यांनी एकमुखाने 'चूल' असेच उत्तर दिले असते.

सतराव्या शतकात इटलीत मात्र जात्याचा पक्ष उभा राहिला. फ्लॉरेन्सच्या 'आकादेमिया देल चिमेंतो' या विद्वत्सभेतल्या मंडळींनी कोंबड्यांना आणि बदकांना काचेचे पोकळ मणी चारले. पक्षी मारून पाहावेत तो काचेचे पीठ झालेले! सभेचे हे प्रयोग १६६७ साली ग्रंथरूपाने बाहेर पडले. याच सभेत जिओव्हान्नी बोरेली नावाचा गणिती होता. गॅलिलिओच्या परंपरेतला हा माणूस. धावणे, उडणे, ओझे उचलणे या साऱ्या हालचाली तरफेच्या नियमाने सोडवता येतील असे त्याने ठरवले आणि त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो छापून यायच्या आधीच, १६७९ साली, बोरेली रोममध्ये वारला. ग्रंथ १६८०-८१ मध्ये निघाला. हातात धरलेल्या ओझ्यापेक्षा ते पेलणाऱ्या स्नायूचा जोर कितीतरी पट अधिक असावा लागतो, कारण स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो, हे त्यानेच दाखवून दिले आणि ते आजही खरे आहे. त्याच हिशेबाच्या भरात त्याने टर्की पक्ष्याच्या पेषणीचा जोर १३५० पौंड काढला.

पक्ष्यापर्यंत ठीक होते. पक्ष्याला दात नाहीत. त्याच्या पेषणीत खडे असतात आणि तिची भिंत जाडजूड मांसाची असते. ती जाते आहे यात संशय नाही. परंतु बोरेलीच्या अनुयायांना तेवढ्यावर थांबवेना. एडिंबरोचा आर्किबाल्ड पिटकेर्न हा त्यांतला मोठा वैद्य. काही काळ हॉलंडात लायडनलाही प्राध्यापक होता. त्याने साधे त्रैराशिक मांडले: अंगठ्याचे टोक वाकवणाऱ्या स्नायूचे वजन इतके, बोरेलीच्या हिशेबाने त्याचा जोर इतका, तर जठराच्या मांसाचे वजन अमुक, मग त्याचा जोर किती? उत्तर आले हजारो पौंडांच्या घरात. त्यात पोटाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंचा जोर मिळवला की आकडा आणखी फुगला. म्हणजे आपल्या सर्वांच्या पोटात गिरणीचे दगड फिरताहेत आणि आपल्याला पत्ताच नाही! त्रैराशिकात चूक नव्हती. गृहीतच खोटे होते. जठराचे मांस निराळ्या जातीचे, त्याची मांडणी निराळी. वजनावरून जोर ठरवणे म्हणजे हत्तीच्या वजनावरून मांजराने किती उडी मारावी हे सांगण्यासारखे. पण आकड्याला एक भारदस्तपणा असतो. 'पुष्कळ' म्हटले तर माणसे शंका घेतात, तेच पौंडांत सांगितले की माना डोलावतात.

या गिरणीला बंद पाडले ते एका घारीने. घार न पचलेले पदार्थ ओकून टाकते. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७५२ साली आपल्या पाळीव घारीला धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. आत मांसाचा तुकडा, टोकांना जाळी. नळी परत आली ती जशीच्या तशी, चेपलेली नाही, वाकलेली नाही. आतले मांस मात्र बरेचसे विरघळलेले. दळणाला जागाच नव्हती. मग त्याने नळीत स्पंज घालून तो रसच पिळून काढला. पुढे इटलीतल्या स्पलांझानीने हेच प्रयोग स्वतःवर केले. कापडाच्या पुरचुंड्या आणि लाकडी नळ्या तो स्वतः गिळत असे, आणि त्या बाहेर पडेपर्यंत वाट पाहत असे. सोवळ्याच्या माणसाने हा भाग वाचू नये. पण पिटकेर्नचे प्रचंड जाते एका पातळ लाकडी नळीलाही चेपू शकत नाही हे त्याशिवाय सिद्ध झाले नसते.

अखेरचा साक्षीदार मात्र आपण होऊन साक्षीला आलेला नव्हता. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात, एका बंदुकीचा चुकून बार उडाला आणि विशीतला एक नावाडी कोसळला. अलेक्सिस सेंट मार्टिन त्याचे नाव. कॅनडातला फ्रेंच भाषा बोलणारा गरीब मुलगा. छर्रे डाव्या कुशीत घुसले होते, बरगड्या मोडल्या होत्या, सकाळची न्याहारी जखमेतून बाहेर येत होती. किल्ल्यावरचा लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने त्याची आशा सोडली होती, पण शुश्रूषा सोडली नाही. पोरगा वाचला. जखम भरली ती मात्र विचित्र रीतीने: जठराच्या भोकाची कड बाहेरच्या कातडीला चिकटली आणि कुशीत एक कायमची खिडकी राहिली.

बोमाँटला या खिडकीचे मोल कळायला काही काळ लागला. १ ऑगस्ट १८२५ रोजी भर दुपारी त्याने रेशमी दोऱ्याला मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कोबी बांधून तो दोरा खिडकीतून आत सोडला आणि तासातासाने ओढून पाहिला. अशा तऱ्हेचे दोनशेहून अधिक प्रयोग त्याने पुढच्या आठ वर्षांत केले. रस काढून बाटलीत ठेवला, बाटली ऊबदार ठेवली, आणि मांस बाटलीतही विरघळते हे पाहिले. सेंट मार्टिन रागावला, चिडला की पचनात बिघाड होतो हेही त्याने टिपून ठेवले; आणि सेंट मार्टिन वरचेवर चिडत असे यात काय नवल? आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच. बोमाँटने आत तापमापक घातला, तेव्हा तो स्थिर राहीना. जठराच्या खालच्या टोकाकडे तो ओढला जाई, फिरे, पुन्हा मागे ढकलला जाई. गिरणी नव्हती, पण हालचाल होती. जोर थोडा, पण शिस्तीचा.

या माणसाची हकीकत इथेच सोडून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. तो बोमाँटच्या घरी लाकडे फोडी, पाणी भरी, आणि डॉक्टरांची इच्छा होईल तेव्हा अंगरखा वर करून निजून राही. १८३२ साली दोघांत रीतसर करार झाला, वर्षाला १५० डॉलर. तो मध्येच पळून घरी जाई, लग्न करी, मुलेबाळे होत, आणि गरिबी त्याला पुन्हा परत आणी. बोमाँटचे पुस्तक १८३३ साली निघाले आणि त्याचे नाव अजरामर झाले. पुढे सेंट मार्टिनने कोणाचेच ऐकले नाही. बोमाँट १८५३ मध्ये गेला. सेंट मार्टिन त्यानंतर सत्तावीस वर्षे, पोटाला भोक असताना, जगला. १८८० साली तो वारला तेव्हा शरीर मागणाऱ्या डॉक्टरांना घरच्यांनी दाद दिली नाही. प्रेत मुद्दाम कुजू दिले आणि आठ फूट खोल पुरले, कोणी उकरून नेऊ नये म्हणून.

चुलीचा पक्ष जिंकला, आणि पाऊणशे वर्षे पोट हे रसायनवाल्यांच्या ताब्यात राहिले. गणित्यांचा पुनःप्रवेश झाला तो क्ष-किरणांच्या पाठोपाठ. राँटगेनचा शोध लागून वर्षही झाले होते न झाले होते तो, १८९६ च्या डिसेंबरात, हार्वर्डचा वैद्यकाचा एक विद्यार्थी, वॉल्टर कॅनन, एका हंसाला बिस्मथ गिळायला लावून त्याच्या लांब मानेतून घास खाली कसा उतरतो हे पडद्यावर बघत होता. मग त्याने मांजरे घेतली. बिस्मथ कालवलेले अन्न खाल्लेले मांजर पडद्यामागे ठेवले की जठराची सावली दिसे, आणि त्या सावलीच्या मध्यापासून खालच्या टोकाकडे एकामागून एक लाटा सरकताना दिसत. मिनिटाला सुमारे सहा. मांजर चिडले की लाटा बंद. गोंजारले, गुरगुरू लागले, की पुन्हा सुरू. भुकेल्या पोटात कावळे कोकलतात म्हणजे काय, हेदेखील कॅननने १९१२ साली दाखवले: त्याच्या वॉशबर्न नावाच्या सहकाऱ्याने फुगा गिळला, आणि भुकेची कळ आली की रिकामे जठर आवळले जाते हे फुग्याच्या दाबावरून उमटले. तरुणपणी अंगावर घेतलेल्या त्या किरणांची फळे कॅननला उतारवयात भोगावी लागली.

इकडे लंडनमध्ये बेलिस आणि स्टारलिंग हे मेहुणे (स्टारलिंगची बहीण बेलिसला दिलेली) कुत्र्याच्या आतड्यात फुगा ठेवून पाहत होते. त्यांना १८९९ मध्ये सापडलेला नियम मोठा सुटसुटीत आहे: आतड्याला एका जागी डिवचले की त्या जागेच्या वरचा भाग आवळतो आणि खालचा भाग सैल पडतो. मागून रेटा, पुढे वाट मोकळी. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओवताना आपण दुसरे काय करतो? हा नियम आतड्याच्या भिंतीतल्या मज्जाजालात बसवलेला आहे. मेंदूकडे जाणारे धागे तोडले तरी तो चालतो.

आता भिंत. भिंतीवर ताण किती येतो, याचे सर्वांत जुने आणि सर्वांत उपयोगी सूत्र लाप्लास या फ्रेंच गणित्याच्या नावाने ओळखले जाते. त्याने १८०६ साली ते पाण्याच्या थेंबांसाठी आणि केसासारख्या बारीक नळ्यांसाठी काढले होते. पोटाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. लंडनचा वैद्य टॉमस यंग त्याच वाटेवर त्याच्या थोडा आधी पोचला होता, परंतु त्याची लिहिण्याची पद्धत एवढी अवघड की श्रेय लाप्लासला गेले. नळीपुरते सूत्र असे: भिंतीतला ताण म्हणजे आतला दाब गुणिले नळीची त्रिज्या. एवढेच. याचा अर्थ असा की आतला दाब सगळीकडे सारखा असला तरी रुंद जागी ताण जास्त. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे अडथळा आला आणि मागे वाट नसली, की दाब सगळ्या आतड्यात चढतो. पण फाटण्याची भीती अडथळ्याच्या जागी नसते, ती दूर उजवीकडे, आतड्याच्या सर्वांत रुंद भागात, अंधांत्रात असते. त्याचा व्यास बारा सेंटिमीटरच्या पुढे गेलेला दिसला की शल्यविशारद घड्याळाकडे बघू लागतात. दुखते एकीकडे आणि फुटते दुसरीकडे, हे कोडे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका गुणाकाराने सुटते.

पण ताण आला म्हणजे भिंत किती ताणेल? हूकचा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला आहे: दुप्पट वजन, लांबीत दुप्पट वाढ. वर्टहाइम नावाच्या संशोधकाने १८४७ साली माणसाच्या शरीरातले स्नायू, नसा, शिरा, रज्जू एकामागून एक ताणून पाहिले, आणि मऊ ऊतींना हूकचा नियम मान्य नाही असे त्याला आढळले. आलेख सरळ रेषेचा येईना, तो वर वळे. ही गोष्ट छापली गेली आणि जवळजवळ शंभर वर्षे बहुतेकांनी तिच्याकडे कानाडोळा केला. सरळ रेषेचे गणित सोपे असते ना!

तिच्याकडे परत वळणारा माणूस विमानांच्या विद्येतून आला. युआन-चेंग फंग. १९१९ साली चीनमधल्या चांगचौ येथे त्याचा जन्म. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पदवी. वाऱ्याने विमानाचे पंख का थरथरतात आणि कधी मोडतात यावर १९५५ साली त्याने लिहिलेला ग्रंथ अभियंते प्रमाण मानीत. त्याची आई चीनमध्ये होती आणि तिला काचबिंदू झाला होता. भेटीला जाणे कठीण. १९५७ च्या सुमारास हा जर्मनीत ग्योटिंगेनला रजेवर असताना काचबिंदूवरचे नवेनवे लेख धुंडाळी, त्यांचे चिनीत भाषांतर करी आणि तिच्या डॉक्टरांकडे धाडी. त्या वाचनात शरीरविज्ञानाची गोडी लागली ती कायमची. १९६६ साली त्याने विमाने सोडली आणि सान दिएगोच्या विद्यापीठात जिवंत ऊतींचा अभ्यास आरंभला.

त्याने हाती घेतले सशाचे आंत्रबंध, म्हणजे आतड्यांना पाठीच्या बाजूशी बांधून ठेवणारा पातळ, पारदर्शक पडदा. त्याची पट्टी कापून हळूहळू ओढायची आणि प्रत्येक टप्प्यावर ताण मोजायचा. आलेख वर्टहाइमसारखाच वळलेला आला. मग फंगने एक साधी युक्ती केली. ताण आणि लांबी यांचा आलेख काढण्याऐवजी त्याने आलेखाचा चढ आणि ताण यांचा आलेख काढला. तो जवळजवळ सरळ रेषा निघाला! १९६७ साली हे प्रसिद्ध झाले. सावकाराच्या चोपडीत याला चक्रवाढ म्हणतात. मुद्दल जितके फुगलेले, तितके पुढच्या वर्षीचे व्याज अधिक. तसे, ताण जितका चढलेला, तितकी पुढची तेवढीच ओढ अधिक महाग पडते. पहिले इंचभर ऊत जवळजवळ फुकट देते, शेवटच्या सुताला मात्र जबर किंमत मागते. आतल्या कोलॅजनचे धागे आधी विणीसारखे वळसे घेऊन सैल पडलेले असतात. ते सरळ होईपर्यंत ओढ सोपी, सरळ झाले की दोरच ओढावा लागतो. पहिले चार लाडू आणि पाचवा लाडू यांतला फरक केवळ यजमानिणीच्या आग्रहाचा नाही. अर्थात जठराच्या बाबतीत वरच्या भागाचे स्नायू घास येताच आपण होऊन सैल पडतात, त्याची मदत निराळी. मेलेल्या पट्टीत ती नसते, आणि हा फरक विसरणारा गणिती पुन्हा पिटकेर्नच्या वाटेला लागतो.

फंगने आणखी एक तंटा उभा केला. ऊत शांत कधी असते? आजवर सारे धरून चालत होते की आत दाब नसला म्हणजे ताण नाही. रक्तवाहिनीचे कडे कापून उभी चीर दिली तर ते मिटून राहत नाही, उलगडते, हे १९८३ साली त्याने दाखवले, आणि त्याच वर्षी वैष्णव व वोसूघी यांनीही. म्हणजे रिकामी असतानाही भिंत स्वतःशीच ओढाताण करत असते. आतल्या थरावर दाब, बाहेरच्यावर ओढ. डेन्मार्कच्या हान्स ग्रेगर्सन यांनी हीच कात्री अन्ननलिकेला आणि आतड्याला लावली, तिथेही कडी उलगडली. आतल्या या गुपचूप ताणामुळेच अन्न आल्यावर भिंतीच्या सर्व थरांना भार बराचसा समान वाटला जातो. ग्रेगर्सन यांनी २००३ मध्ये पचनमार्गाच्या यांत्रिकीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बोरेलीनंतर सव्वातीनशे वर्षांनी.

लाटेचे गणित वेगळ्याच मंडळींनी केले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात लॅथम या विद्यार्थ्याने १९६६ साली प्रबंध लिहिला तो मूत्रनलिकेवरून. १९६९ मध्ये शपीरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लांब, धिम्या लाटेने नळीतला द्रव कसा सरकतो याची सूत्रे दिली. त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर आली: एकूण प्रवाह पुढे जात असतानाही भिंतीलगतचा थोडा द्रव मागे येऊ शकतो. लाटांचा ताल कोण धरतो, हा प्रश्न १९७१ मध्ये सुशील सरना, डॅनियल आणि किंग्मा यांनी आतड्यापुरता सोडवला. लहान आतड्याच्या आरंभी मिनिटाला सुमारे बारा ठोके, शेवटी आठ. दिंडीत प्रत्येकाचे पाऊल निराळे असले तरी शेजारच्याला धरून चालावे लागते, आणि मग दहा-दहा वारकऱ्यांचे तुकडे एका तालात पडतात. त्यांनी संगणकात एकमेकांस जोडलेल्या आंदोलकांची साखळी केली आणि अगदी तसेच तुकडे पडले.

राहिले जठर. त्याच्या खालच्या भागाची लाट बंद दाराकडे येते, तेव्हा आतला ऐवज पुढे जाण्याऐवजी लाटेच्या अरुंद भोकातून जोराने मागे उसळतो, चकलीच्या सोऱ्यातून पीठ यावे तसा. फक्त उलट्या दिशेने. कण साधारण दोन मिलिमीटरांपेक्षा बारीक होईपर्यंत हे चालते. म्हणजे थोडेसे जाते पोटात आहेच, मऊ आणि पाणीदार. २००४ साली अनुपम पाल, ब्रासर आणि आब्राहमसन यांनी हे सारे संगणकावर मांडले आणि २००७ मध्ये त्याच प्रतिकृतीत त्यांना एक रस्ता दिसला. जठराच्या आखूड वळणाच्या कडेने एक अरुंद पट्टा असतो; त्यावर पडलेला द्रव दहा मिनिटांत आतड्यात पोचतो, आणि त्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर पडलेला तासन्‌तास घुसळत बसतो. जुन्या जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी या जागेला 'जठरमार्ग' असे नाव आधीच देऊन ठेवले होते, ते त्यांनी उचलले. डोकेदुखीवर घेतलेली गोळी या रस्त्यावर विरघळली तर गुण लवकर यायचा, रस्ता सोडून विरघळली तर उशिरा. एकच गोळी, एकच माणूस, आणि फरक तो काय तर बोटभराचा.